तुमचे प्रश्न, या वेळी: दोन रेणूंची गाठ

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले होते की हल्ली दोन वनस्पतींमधले दोन रेणू एकमेकांना जोडून तिसराच नवा रेणू बनवायचे प्रयत्न चालतात आणि त्याला हायब्रिड मॉलिक्यूल म्हणतात. त्या एका ओळीवर एवढे मेल आले की या वेळी सर्दी, पित्त, केस गळणं सगळं बाजूला ठेवलंय. ज्यांचे केस गळतायत त्यांनी कृपया महिनाभर दम धरा.

ताई, आमच्याकडे हायब्रिड म्हटलं की ज्वारी. तुमचं हे हायब्रिड औषध म्हणजे तसलंच का? आणि आजी दहा झाडपाले घालून काढा करायची, तो पण मग हायब्रिडच ना?
– एक शेतकरी वाचक, परभणी

दादा, नाव तेवढं सारखं, बाकी काही संबंध नाही. ज्वारीत दोन वाणांचा संकर असतो, बियाणं असतं, जीन असतात. इथे बियाणं वगैरे काही नाही, इथे एका रेणूचा हात दुसऱ्या रेणूच्या हातात देऊन गाठ मारायची, आणि ती गाठ म्हणजे पक्का केमिकल बाँड, पाण्यात टाकला म्हणून सुटणारा नाही.

आजीचा काढा म्हणजे भेळ. भेळेत कुरमुरे वेगळे, शेव वेगळी, कांदा वेगळा, बसलात तर निवडून काढता येतं. मेडिकलमध्ये दोन औषधं असलेली एक गोळी मिळते ती पण भेळच, फक्त दाबून बसवलेली, पोटात गेली की दोघं आपापल्या वाटेने जातात. हायब्रिडमध्ये तसं होत नाही, दोघं मिळून एकच माणूस झालेला असतो, एकत्र रक्तात जाणार, एकत्र फिरणार, एकत्र बाहेर पडणार.

आणि ही आयडिया माणसाची नाही बरं का. तुमच्या अंगणात सदाफुली असेलच, गुलाबी नाहीतर पांढरी, जिला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. तिच्या पानात कॅथरँथिन नावाचा एक रेणू असतो आणि विंडोलिन नावाचा दुसरा. रेणूंच्या मापात, म्हणजे हायड्रोजनचा एक अणू 1 धरला तर, एकाचं वजन साधारण 336, दुसऱ्याचं 456. सुटे घेतले तर कॅन्सरच्या पेशीपुढे दोघंही जवळपास निकामी. पण झाड एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम करून देणारं प्रोटीन, वापरून दोघांना जोडतं, पुढे पाण्याचा एक रेणू त्यात जातो, आणि बनतं व्हिनब्लास्टिन, वजन सुमारे 811. आता करा बेरीज, 336 अधिक 456 अधिक पाण्याचे 18, जवळजवळ तेवढंच येतं. पेशी दोनात विभागताना आत जे बारीक धाग्यांचं जाळं विणते ते हा जोडरेणू विणूच देत नाही, त्यामुळे भराभर वाढणारी पेशी तिथेच अडकते. दोन बिनकामाचे एकत्र आले आणि असं झालं.

त्यातली मजा म्हणजे 2010 साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की हे दोघं पानात एका जागी राहतच नाहीत, कॅथरँथिन पानाच्या वरच्या मेणात आणि विंडोलिन आतल्या पेशींत. म्हणून तयार जोडरेणू पानात अगदी चिमूटभर सापडतो, 1 ग्रॅम व्हिनब्लास्टिनला साधारण 500 किलो वाळलेली पानं लागतात. 2022 मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी हे दोन्ही अर्धे भाग यीस्टमध्ये, म्हणजे आपण पावात घालतो त्याच्या भाऊबंदांत, बनवून घेतले आणि नंतर बाहेर जोडले. झाडाचीच पद्धत, फक्त झाड सोडून.

मग सदाफुलीची चार पानं रोज उपाशीपोटी चावली तर? शुगर पण जाते म्हणतात.
– नाव नको, डोंबिवली

नको. अजिबात नको. त्या पानात काय काय आणि किती आहे हे ना तुम्हाला माहीत ना मला, आणि त्यातले काही रेणू नसांना आणि रक्ताच्या पेशींना इजा करतात. ऑन्कॉलॉजीच्या, म्हणजे कॅन्सरच्या, वॉर्डात त्यातलंच व्हिनब्लास्टिन मिलिग्रॅममध्ये मोजून, थेट शिरेतून, दर वेळी रक्त तपासून देतात.

शुगरची गोष्ट मात्र खरीच आहे, म्हणजे अफवा म्हणून खरी. 1950 च्या दशकात जमैकाहून एका पेशंटने कॅनडातल्या डॉक्टरला पाकिटातून ही पानं पाठवली, तिकडे लोक शुगरसाठी त्याचा चहा पितात म्हणून. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर करून बघितलं, शुगर काही हलली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड खाली आल्या. त्यावरून कॅन्सरचं औषध व्हिनब्लास्टिन निघालं. तुमचा फॉरवर्ड अर्ध्यावर थांबलाय.

मॅडम, आमची हळद सांगलीची. सगळे म्हणतात हळदीबरोबर मिरी घ्या म्हणजे अंगी लागते. मग कर्क्युमिन आणि मिरीतला तो पदार्थ एकमेकांना कायमचे चिकटवूनच का टाकत नाहीत? एकच गोळी, काम फत्ते.
– एक गृहिणी, सांगली

ताई, प्रश्न भारी आहे. आधी हिशोब करू. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत जेमतेम 100 मिलिग्रॅम. मिरीवाली ती प्रसिद्ध चाचणी बेंगळुरूची, 1998 ची. त्यात माणसांना दिलं होतं 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन आणि 20 मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिरीतला तुम्ही म्हणता तो पदार्थ. म्हणजे एका वेळी वीस-एक चमचे हळद आणि मिरीचे पाच-सात दाणे. रक्तातलं प्रमाण वीसपट वाढलं हे खरं, पण मिरीशिवाय ते जवळजवळ सापडतच नव्हतं, तेव्हा काहीच नाहीच्या वीसपट म्हणजे किती ते तुम्हीच बघा.

आता चिकटवायचं. पिपेरिन करतं काय, तर आतड्यात आणि लिव्हरमध्ये कर्क्युमिनला साखरेचं शेपूट लावून बाहेर घालवणारी जी एन्झाइम्स बसलेली असतात त्यांना ते अडवून धरतं. म्हणजे पिपेरिन हा दाराशी वॉचमनला गप्पांत गुंतवणारा मित्र, आणि कर्क्युमिन मागून आत सटकणारा. दोघांना एका दोरीने बांधलं तर वॉचमनपाशी दोघंही अडकायचीच शक्यता जास्त. शिवाय 2 ग्रॅमला 20 मिलिग्रॅम हे प्रमाण होतं, 100 ला 1. रेणू रेणूला जोडलात की प्रमाण झालं एकास एक. पिपेरिन एवढं पोटात गेलं तर इतर औषधांचीही विल्हेवाट थांबवेल, मग बीपीची, फिटची गोळी चालू असलेल्या माणसाचं काय?

म्हणून अजून कोणी केलं नाही असं समजू नका. 2005 च्या सुमारास अलाहाबादच्या एका गटाने कर्क्युमिनला पिपेरिक ॲसिड, म्हणजे पिपेरिनचाच अर्धा भाग, जोडून बघितलं, जिवाणू आणि बुरशीवर ते चालतं का हे तपासायला. बशीत, म्हणजे लॅबच्या काचेच्या डिशमध्ये, चालणं आणि माणसात चालणं यात मात्र मुंबई ते गोंदिया एवढं अंतर आहे, तेही पॅसेंजरने.

आणि कर्क्युमिनबद्दल एक कटू गोष्ट सांगते, सांगलीकर रागावू नका. हा रेणू फार फसवा. आपल्या रक्ताचा जो पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, असतो तेवढ्याच पीएचच्या साध्या पाण्यात ठेवला तर अर्ध्या तासात बहुतेक सगळा मोडून जातो. वर तो स्वतःच चमकतो, त्यामुळे चमक मोजून निकाल देणाऱ्या टेस्टमध्ये काही न करता पास होतो. 2017 मध्ये काही औषध-रसायनतज्ज्ञांनी याचा सगळा ताळेबंद मांडला होता, शंभरावर क्लिनिकल ट्रायल्स बघून, आणि डबल ब्लाइंड चाचणीत, म्हणजे खरं औषध कोणाला मिळतंय हे ना पेशंटला ना डॉक्टरला माहीत असतं त्या चाचणीत, खणखणीत यश एकही नाही असा निष्कर्ष काढला. भाजीत, जखमेवर, लग्नात हळद हवीच. पण हायब्रिडचा एक अर्धा भाग म्हणून कर्क्युमिन निवडताना मी तरी दहादा विचार करीन.

हळदीचं पेटंट आठवतंय ना? 1995 मध्ये जखम भरायला हळद म्हणून अमेरिकेत पेटंट देऊन टाकलं होतं, मग सीएसआयआरने, म्हणजे आपल्या सरकारी संशोधन संस्थेने, भांडून, तेव्हा डॉ. माशेलकर प्रमुख होते, 1997 मध्ये ते रद्द करवलं. हळद आजीची, तिच्यावर हक्क कोणाला सांगता येत नाही. पण हळदीतल्या रेणूला काहीतरी जोडून जगात कधीच नव्हता असा रेणू बनवला तर तो नवा, आणि त्याच्यासाठी पेटंट मागता येतं. कंपन्यांना हायब्रिड का आवडतात याचं अर्धं उत्तर इथे आहे, ते सहसा कोणी लेखात लिहीत नाही.

मी आशा कार्यकर्ती आहे. मलेरियाच्या पेशंटला तीन दिवसांचं पाकीट देतो, वेगवेगळ्या गोळ्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की लोक बंद करतात. दोन औषधं एकाच रेणूत घालता आली तर आमचं काम सोपं होईल. असं कोणी करतंय का?
– गडचिरोली जिल्हा

ताई, या अंकातलं सगळ्यात चांगलं पत्र तुमचं. आणि हो, करून बघितलंय, हायब्रिडच्या दुनियेतली सगळ्यात गाजलेली गोष्ट हीच.

जोडलेली दोन्ही औषधं वनस्पतीची. एक क्विनाइन, दक्षिण अमेरिकेतल्या सिंकोना झाडाच्या सालीतलं, 1820 मध्ये फ्रान्समध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी वेगळं केलेलं. दुसरं आर्टेमिसिनिन, चीनमधल्या चिंगहाव नावाच्या झुडपातलं. थू यूयू बाईंनी जुन्या पोथीत वाचलं की चिंगहाव पाण्यात भिजवून पिळून रस प्या, उकळा असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने औषध मरत असणार. मग कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला, आणि 1972 मध्ये शुद्ध रेणू हातात आला. नोबेल मिळालं 2015 मध्ये.

मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबिन खातो. खाऊन झालं की हीम उरतं, लोहाचा विषारी कचरा, तो परजीवी स्फटिक करून कोपऱ्यात रचून ठेवतो. क्विनाइनच्या घराण्यातली औषधं ही रचाई बिघडवतात. आर्टेमिसिनिनच्या अंगात दोन ऑक्सिजनचा एक पूल आहे, तो लोहाशी गाठ पडली की फुटतो आणि आजूबाजूला दिसेल त्याला जाळत सुटतो. म्हणजे दोघांचंही लक्ष्य जवळपास एकाच खोलीत. मग एक जण खोलीचा पत्ता सांगणार आणि दुसरा बाँब नेणार, असा सरळ विचार. तुलूझच्या बर्नार म्युनिए यांच्या गटाने 2000 च्या आसपास ट्रायऑक्साक्विन नावाचे रेणू बनवले ते याच विचाराने, एका बाजूला तो ऑक्सिजनचा पूल, दुसऱ्या बाजूला क्लोरोक्विन या क्विनाइनच्या घराण्यातल्या औषधासारखा तुकडा. 2007 मध्ये डब्लिनच्या लोकांनी तर आर्टेमिसिनिन आणि क्विनाइनचे जवळजवळ आख्खेच रेणू एस्टर नावाच्या केमिकल गाठीने जोडले, आणि बशीतल्या परजीवींवर तो जोडरेणू सुट्या दोघांपेक्षा आणि दोघांच्या समान मिश्रणापेक्षाही सरस ठरला.

मग तुमच्या पाकिटात तो का नाही?

तुमच्या तीन दिवसांच्या पाकिटात जी अक्कल आहे ती बघा आधी. आर्टेमिसिनिनवाला गडी येतो, तासाभरात धुमाकूळ घालतो, आणि काही तासांत रक्तातून निघून जातो. जोडीदार औषध सावकाश, दिवसेंदिवस रक्तात मुक्काम करतं आणि उरलेसुरले परजीवी वेचून मारतं. एक धावणारा, एक राखण करणारा. आता दोघांना शिवून टाकलं तर दोघांना एकाच वेळी निघावं लागतं. राखण कोण करणार? म्हणून तीन दिवसांची गोळी एका दिवसावर येईल असं नुसत्या जोडणीने होत नाही. ट्रायऑक्साक्विनमधला एक रेणू मोठ्या कंपनीबरोबर बराच पुढेपर्यंत गेला होता, पण दुकानापर्यंत आला नाही.

तेव्हा सध्या तरी तुमचं पाकीट आणि तुमचं दारोदार जाऊन तिसऱ्या दिवसाची गोळी घेतली का विचारणं, याला पर्याय नाही.

आमच्या भागातून पूर्वी नरक्याच्या लाकडाच्या गाड्या भरून जायच्या. त्याचं पण असलंच काही करतात का?
– आंबोली परिसर

करतात. नरक्या हे सह्याद्रीतलं झाड, त्याच्या खोडात आणि मुळात कॅम्पटोथेसिन नावाचा कॅन्सरवर चालणारा रेणू असतो. हा रेणू आधी 1966 मध्ये अमेरिकेत एका चिनी झाडात सापडला, शोधणारे मन्रो वॉल आणि मनसुख वाणी. यातले वाणी आपल्या नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. टॅक्सॉल हे कॅन्सरचं औषध शोधणाऱ्यांतही हेच दोघं होते, नंदुरबारात किती जणांना माहितीये कोण जाणे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही तोच रेणू आहे हे 1972 मध्ये भारतीय रसायनतज्ज्ञांनी दाखवलं, आणि पुढे त्या बिचाऱ्या झाडाची काय दशा झाली ते तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. फुलांचा वास घाण म्हणून नाव असं पडलं, नाहीतर झाड किती सोन्याचं.

पेशीत डीएनएचा पीळ सोडवणारी दोन प्रकारची एन्झाइम्स असतात, टोपोआयसोमरेज एक आणि दोन. कॅम्पटोथेसिन पहिल्याला अडकवतं. हिमालयातल्या पोडोफायलम नावाच्या वनस्पतीपासून जे एटोपोसाइड औषध झालं ते दुसऱ्याला. एक बंद केलं की कॅन्सरची पेशी दुसऱ्यावर काम भागवते, चलाख असते. म्हणून अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या कुओ-शिउंग ली यांच्या गटाने 1990 च्या दशकात या दोन्ही घराण्यांचे रेणू जोडून दोन्ही दारं एकदम बंद होतात का ते बघितलं. लॅबमध्ये काही जोडरेणूंनी दोन्ही एन्झाइम्स अडवली पण.

यातून बाजारात आलं ते मात्र सुटं. कॅम्पटोथेसिनमध्ये थोडे बदल करून केलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन, दोन्ही 1996 ला अमेरिकेत मंजूर. वनस्पतीच्या रेणूला काहीतरी जोडून दवाखान्यापर्यंत आलेलं औषध हवंच असेल तर मेटान्सिनचं बघा, आफ्रिकेतल्या झुडपात सापडलेला इतका जहाल रेणू की नुसता देणंच अवघड, त्याचा थोडा बदललेला भाऊ ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशीला ओळखणाऱ्या अँटिबॉडीला जोडला आणि 2013 मध्ये त्याला मंजुरी मिळाली. दोन वनस्पतींचे रेणू मुद्दाम शिवून केलेली गोळी मी तरी अजून मेडिकलच्या कपाटात पाहिलेली नाही.

मॅम, मी एमफार्मला आहे. प्रोजेक्टला कर्क्युमिन आणि क्वेर्सेटिन जोडून हायब्रिड डिझाइन केलंय, कॉम्प्युटरवर डॉकिंग स्कोअर जबरदस्त आलाय. पुढे काय करू? लॅबमध्ये बनवू का?
– विद्यार्थी, नांदेड

आधी वरचं सांगलीच्या ताईंचं उत्तर वाच. वाचलंस? आता ऐक.

डॉकिंग स्कोअर म्हणजे रेणू शरीरातल्या प्रोटीनला किती घट्ट चिकटेल याचा कॉम्प्युटरचा अंदाज. रेणू मोठा केला की तो बहुतेक वेळा वाढतोच, जेवढे हातपाय जास्त तेवढं कुठेतरी चिकटणार, त्यात तुझं किंवा माझं कौतुक नाही. वजन मोज. लिपिन्स्की नावाच्या औषध-रसायनतज्ज्ञाने 1997 मध्ये जे नियम सांगितले त्यात तोंडाने घ्यायच्या औषधाला 500 च्या आत वजन बरं म्हटलंय. कर्क्युमिन 368, क्वेर्सेटिन, तुझा दुसरा वनस्पतीचा रेणू, 302. जोडलेस की 650 च्या वर गेलास, आणि त्या दोघांच्या अंगावर जे ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजन) गट आहेत ते, साखरेचं शेपूट लावून बाहेर घालवायला, लिव्हरला आमंत्रण आहेत. डब्लिनचा तो मलेरियावाला पण 600 च्या आसपास जातो. निसर्गाचे रेणू या नियमाला पुष्कळदा अपवाद असतात, व्हिनब्लास्टिन 811 आहेच, पण ते शिरेतून देतात हे विसरू नकोस.

दुसरं, लिंकर, म्हणजे दोन अर्ध्यांमधली दोरी. कुठल्या टोकाने जोडलंस, मध्ये दोरी किती लांब, आणि ती कुठे तुटावी किंवा तुटू नये, हे तुझ्या मेलमध्ये कुठेच नाही आणि खरं काम तेच आहे. मी लॅबमध्ये असताना आमचा एक जोडरेणू होता, एस्टरची गाठ. टीएलसी प्लेट, जिच्यावर मिश्रणातले रेणू वेगवेगळे ठिपके होऊन दिसतात, ती यूव्हीखाली धरली तर दोन ठिपके जाऊन एकच ठिपका, काय आनंद, बशीतही मस्त चालला, आम्ही लॅबमध्ये भजी मागवली. मग उंदराच्या प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरलेल्या द्रवात, टाकला आणि पंधरा मिनिटांनी एचपीएलसीवर, म्हणजे प्रत्येक रेणूचा वेगळा उंचवटा (पीक) दाखवणाऱ्या मशीनवर, लावला तर आमचा पीक गायब आणि दोन जुने ओळखीचे पीक शेजारी शेजारी उभे. रक्तातल्या एस्टरेजने, म्हणजे एस्टर तोडणाऱ्या एन्झाइमने, गाठ सोडून टाकली होती. उंदराच्या प्लाझ्मात ही एन्झाइम्स माणसापेक्षा जास्त असतात हे नंतर वाचलं, पण तोवर सहा महिने आणि पाव किलो सिलिका गेली होती. म्हणून आधी छोटासा नमुना बनव आणि प्लाझ्मात ठेवून बघ, बाकी सगळं त्यानंतर.

आणि तिसरं, हेच दोन रेणू का? दोन्ही चांगले आहेत म्हणून, असं उत्तर असेल तर थांब. दारुहळदीतलं बर्बेरिन घे. जिवाणू मारायची त्याची ताकद आहे, पण जिवाणूच्या अंगावर पंप असतात, आत आलेलं बर्बेरिन ते बाहेर फेकून देतात. 2000 साली अमेरिकेत दिसलं की दारुहळदीच्या कुळातल्या झाडांकडे या पंपाला अडकवणारा दुसरा रेणूही असतो, झाड दोन्ही एकदम वापरतं. त्यावरून ऑस्ट्रेलियात वॉलाँगाँगच्या लोकांनी 2006 मध्ये बर्बेरिनलाच पंप अडवणारा तुकडा जोडला, हा तुकडा मात्र लॅबमध्ये बनवलेला. आता जो माल बाहेर फेकायचा तोच पंपाच्या घशात अडकतो, आणि जोडरेणू साध्या बर्बेरिनपेक्षा कितीतरी जोरात चालला. बघ, इथे प्रत्येक अर्ध्या भागाला तिथे असायचं कारण आहे. तुझ्या क्वेर्सेटिनला काय कारण आहे ते गाइडला एका वाक्यात सांगता आलं की मला परत मेल कर, आणि कर्क्युमिन हाताळताना पांढरा ॲप्रन घालू नकोस, माझा अजून पिवळा आहे.